थ्रेड लिफ्ट: ८५ हजारांचे कच्चे टाके

यंदाचा पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात आमच्याकडे नवीन ब्लाउज फारसं कोणी टाकत नाही. नव्या कापडाला कात्री लावायची नाही, असं अजून पुष्कळ जणी पाळतात. मशीनवर बसायचं ते फॉल-पिकोला आणि उसवाउसवीला. गेल्या वर्षी याच रिकाम्या पंधरवड्यात, २० सप्टेंबर २०२४ च्या शुक्रवारी, मी चेहऱ्यात आठ धागे घालून घेतले. आता वर्ष झालं, तेव्हा काय ते नीट सांगता येईल.

मी नाशिकची, वय ५३. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत २६ वर्षं ब्लाउज शिवते. तीन मशिनी, दोन मुली आणि आरीवर्कला एक मास्टर, एवढा पसारा. २०२२ मध्ये शुगर निघाली, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ८.१. डॉक्टरांनी असं काही घाबरवलं की मी दुसऱ्या दिवसापासून गोदा पार्कात चालायला लागले. दीड वर्षात ७९ किलोंची ६२ झाले. कौतुक झालं, शुगरही ६.२ वर आली. पण वजन उतरलं ते पोटाच्या आधी तोंडावरून. गाल बसले, नाकापासून ओठांपर्यंतच्या रेघा खोल गेल्या आणि जबड्याच्या दोन्ही कडांना दोन छोट्या पिशव्या लोंबायला लागल्या. गिऱ्हाइकं विचारायची, "ताई, तब्येत बरी नाही का?" तब्येत तर वीस वर्षांत इतकी बरी कधी नव्हती!

झालं काय होतं, ते मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. बाई बारीक झाली की जुना ब्लाउज कसा दिसतो, तसा माझा चेहरा दिसत होता. आतलं भरण गेलं, वरचं कापड तेवढंच. त्यात पाळी जाऊन चार वर्षं झालेली. त्या काळात कातडी घट्ट ठेवणारं कोलॅजन भराभर कमी होतं, हे नंतर कळलं. आम्ही ब्लाउज ढिला झाला की दोन बाजूंनी टीप आत घेतो. चेहऱ्याला ते कसं करणार? तेवढ्यात मोबाइलवर 'थ्रेड लिफ्ट'ची जाहिरात दिसली. ऑपरेशन नाही, कापाकापी नाही, फक्त धागा. धागा म्हटल्यावर मी थांबणारच.

पहिलं क्लिनिक नाशकातलंच, नाव घेत नाही. काचेचं दार, गार एसी, भिंतीवर छतापर्यंत एक गोरापान चेहरा. डॉक्टरांच्या आधी 'काउन्सेलर' भेटली. पंचविशीतली पोरगी, हातात टॅब. तिने माझा फोटो काढला आणि टॅबवर बोटाने माझे गाल वर सरकवून दाखवले. "मॅम, लंच टाइम लिफ्ट आहे. दुपारी करून संध्याकाळी फंक्शनला जाता येतं." मग पॅकेज सांगितलं. ४० साधे धागे, वर दोन फेशियल, आजच्या आज पैसे भरले तर ३० टक्के कमी.

मी विचारलं, धागा कुठला?

"कोरियन आहे, मॅम."

"कोरियन ठीक आहे. कंपनी कुठली? कशाचा बनलाय?"

"बेस्ट क्वालिटीचा आहे, मॅम."

मी पंधरा रुपयांची रीळ घेताना लेबल वाचते. सुती, पॉलिस्टर की रेशमी, रंग जाणार की राहणार, सगळं विचारून घेते. इथे तर धागा माझ्या तोंडात राहणार होता. धागे कोण घालणार, तर 'आमचे डॉक्टर'. त्यांची डिग्री काय, तर 'एस्थेटिक फिजिशियन आहेत'. भिंतीवर प्रमाणपत्रं बरीच होती, पण सगळी दोन-दोन दिवसांच्या कोर्सची. मी पाणी पिऊन बाहेर पडले.

तिने दाखवलेल्या आधी-नंतरच्या फोटोंबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण ती चलाखी माझ्या धंद्यातली आहे. काचेतल्या पुतळ्याला आम्ही ब्लाउज घालतो तेव्हा तो समोरून अगदी अंगाबरोबर बसलेला दिसतो. पुतळा उलटा फिरवा. पाठीवर मुठीएवढं कापड गोळा करून दहा टाचण्या मारलेल्या असतात. त्या फोटोंत तसंच होतं. 'आधी'च्या फोटोत मान किंचित खाली, उजेड डोक्यावरून, केस मोकळे. 'नंतर'च्या फोटोत हनुवटी वर, उजेड समोरून, केस मागे घट्ट बांधलेले, ओठांवर हसू. हसल्यावर गाल धाग्याशिवायही वर जातात.

आणि त्या ४० साध्या धाग्यांची गंमत पुढे कळली. साधे, गुळगुळीत धागे काही उचलतच नाहीत. ते कातडीचा पोत थोडा सुधारावा म्हणून घालतात. लोंबणाऱ्या गालांना ते सुचवणं म्हणजे पडदा जमिनीवर लोळतोय म्हणून त्यावर भरतकाम करायला सांगण्यासारखं.

दुसऱ्यांदा गेले ते प्लॅस्टिक सर्जनकडे. वयस्कर गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी कानापुढची कातडी दोन बोटांत धरली, सोडली, परत धरली. माझा धंदा विचारला आणि म्हणाले, "मग तुम्हाला काय समजावायचं? कापड जास्त झालंय. जास्तीचं कापल्याशिवाय फिटिंग येणार नाही." म्हणजे फेसलिफ्ट. कानाच्या पुढून-मागून काप घ्यायचा, कातडीखालचा थर वर ओढून शिवायचा, उरलेली कातडी कापून टाकायची. भूल, दोन-तीन आठवडे घरी, खर्च लाखांत, पण काम वर्षानुवर्षं टिकतं. धाग्यांबद्दल विचारलं तर एवढंच म्हणाले, "थोडं सैल असेल तर ठीक. तुमच्यासाठी मी पैसे वाचवायला सांगेन."

त्यांचं ऐकायला हवं होतं का? उत्तर अजून पक्कं नाही. कापायची भीती वाटली हे खरं.

घरी हे सांगितलं तर मिस्टरांना चेवच आला. ते नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेत आणि दिवसभर इतिहास वाचत बसतात. त्यांनी कावसजीची गोष्ट ऐकवली. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा हा गडी टिपूच्या लोकांच्या हाती लागला, त्यांनी त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याकडे एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट छापून आली आणि तिकडचे डॉक्टर ती पद्धत शिकले. गोष्ट सांगून झाल्यावर मिस्टर म्हणाले, "त्याचं नाकच गेलेलं. तुझं काय गेलंय?" सासूबाई आतून म्हणाल्या, "पैसे जाणार आहेत."

तिसरी भेट एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंची. या वेळी आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर त्यांचा नोंदणी क्रमांक टाकून पाहिला. नाव सापडलं, एमडी सापडली. दारात काउन्सेलर नव्हती. मागे खरूज झालेला एक मुलगा आणि त्याची आई बसली होती, ते पाहून का कोण जाणे, बरं वाटलं.

डॉक्टरांनी मला टेबलावर आडवं केलं आणि हातात आरसा दिला. आडवं झाल्यावर गाल कानांकडे सरकतात. आरशात दहा-बारा वर्षांपूर्वीची मी दिसले, क्षणभर छानच वाटलं. मग बसवलं. परत आजची मी. त्या म्हणाल्या, "ताई, आडवं झाल्यावर जेवढा फरक दिसला, त्याच्या निम्म्याहून कमी मिळेल. तोही वर्षाच्या आत बराचसा ओसरेल. एवढं चालत असेल तर करू, नाहीतर चहा घेऊन जा."

या वाक्यावर मी हो म्हटलं. माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी असंच सांगते, की बाई, हे कापड दोन धुण्यांत आक्रसेल, घ्यायचं तर घे.

फिलरचाही पर्याय त्यांनी सांगितला. तुमची चरबी गेली आहे, तेव्हा गालात थोडं भरण घातलं तर जास्त शोभेल, म्हणाल्या. मला तोंडात काही भरून घ्यायचं नव्हतं. बोटॉक्सबद्दल मीच विचारलं, तर ते कपाळाच्या आठ्यांना, लोंबणाऱ्या गालांना नाही. अल्ट्रासाउंडवाल्या मशिनीचंही सांगितलं, पण माझं लक्ष धाग्यातच अडकलेलं.

धागा त्यांनी हातात दिला, सीलबंद फॉइलच्या पाकिटात. पॉलिडायॉक्सानोन, सगळे पीडीओ म्हणतात. हा काही ब्युटी पार्लरवाल्यांनी शोधलेला माल नाही. १९८० च्या दशकापासून सर्जन लोक हाच धागा आतल्या शिवणीला वापरतात, कारण तो अंगात आपोआप विरघळतो. चेहऱ्यासाठीच्या धाग्याला काटे असतात. असा काटेरी धागा चेहऱ्यात घालायची कल्पना १९९० च्या दशकात रशियात सुलामानिद्झे नावाच्या सर्जनने पुढे आणली. त्यांचा धागा न विरघळणारा होता. विरघळणारे पुढे आले, आणि पीडीओचा खप वाढवला कोरियावाल्यांनी.

काटे पाहायला त्यांनी भिंग दिलं. पाहिलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. हे तर कुसळ! माळावरून चालताना गवताचं कुसळ साडीच्या काठात घुसतं, ते पुढे पुढे सरकतं आणि मागे ओढलं की अडकतं. तसंच हे. फक्त इथे अर्ध्या धाग्याचे काटे एका दिशेला आणि अर्ध्याचे उलट दिशेला, तोंडं मध्याकडे. खालचे काटे लोंबलेला गाल पकडतात, वरचे कपाळाच्या बाजूला घट्ट रुतून बसतात. म्हणजे गाठ न मारता टाका धरला जातो. २६ वर्षं सुई धरून मला हे सुचलं नव्हतं.

मी विचारलं, किती दिवस धरून ठेवतो? त्यावर त्यांनी खरं सांगितलं. पूर्ण विरघळायला सहा-आठ महिने लागतात, पण धाग्याचा जोर त्याच्या खूप आधी, काही आठवड्यांतच उतरायला लागतो. मधल्या काळात धाग्याभोवती शरीर स्वतःचं कोलॅजन तयार करतं आणि पुढे जे काही टिकतं ते त्याच्या जिवावर. पीएलएलए किंवा पीसीएल या दुसऱ्या विरघळणाऱ्या मालाचे धागे जास्त टिकतात, महागही असतात. मी पीडीओच घेतला. पहिलं काम मी कधीच भारी कापडावर करत नाही.

त्यांनी एचबीएवनसीचा ताजा रिपोर्ट मागितला. शुगर चढलेली असेल तर जखम चिघळते, तेव्हा रिपोर्ट बिघडलेला असता तर तारीख दिली नसती. माशाच्या तेलाच्या गोळ्या आठवडाभर बंद करायला सांगितल्या, त्यांनी रक्त पातळ होऊन कातडीखाली डाग जास्त पडतात म्हणून. आणि विचारलं, "दाताचं काही काम बाकी आहे?" मी नाही म्हटलं. एक जुनी कॅप हलत होती. पण म्हटलं, ती तर दोन वर्षं हलतेय.

आता प्रत्यक्ष दिवस. आधी मला ताठ बसवून जांभळ्या पेनाने चेहऱ्यावर रेषा आखल्या. हे मला फार आवडलं. खडूने कापड आखायचं ते पुतळ्यावर चढवून, टेबलावर पसरून नाही. आडव्या चेहऱ्यावर आखलं तर माप चुकणारच. मग बीटाडिनचा तो दवाखान्याचा वास, केसांवर टोपी आणि भुलीची इंजेक्शनं. दुखलं काय ते एवढंच. कानशिलापासून गालापर्यंत आग आग होते आणि औषधात अॅड्रेनालिन असल्यामुळे छातीत दोन मिनिटं धडधडतं. ते आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही.

मग कानशिलावर, केसांच्या आत एक भोक आणि त्यातून लांब पोकळ सुई. दाभणाएवढी लांब, टोक मात्र बोथट. नसा टोचू नयेत म्हणून बोथट. गालात चेहऱ्याची नस असते, लाळेची ग्रंथी असते. संमतीपत्रावर या सगळ्या धोक्यांची यादी होती, दोन पानं, सगळी इंग्रजीत. मी मराठीत मागितली, नव्हती. डॉक्टरांनी वाचून सांगितली खरी, पण नाशिकमध्ये बसून मराठी कागद नसावा, याचे गुण मी कापते.

सुई आत सरकताना दुखत नाही, पण ऐकू येतं. कानाच्या अगदी शेजारून आवाज येतो, करकर, करकर. जाड बक्रमातून सुई जाते तसा. तो आवाज स्वतःच्या चेहऱ्यातून येतोय, हे कळायला मला वेळ लागला. मी डोळे मिटून मोजत राहिले. एक, दोन, तीन, चार डावीकडे. दाभण बाहेर आलं, धागा आत राहिला, शेपूट कानशिलावर लोंबत. मग डॉक्टरांनी एका हाताने शेपूट ओढलं आणि दुसऱ्या हाताने गाल वरच्या दिशेने थोपटत नेला. चुण्या घालताना दोरा ओढत आपण कापड बोटांनी सरकवत नेतो ना, हुबेहूब तसं. मग कात्री कातडीला दाबून शेपूट कापलं. टोक आत गेलं, दिसेनासं झालं.

"गाठ?" मी विचारलं. तोंड अर्धं बधिर, शब्द 'गाग' असा आला.

"गाठ नाही," डॉक्टर हसल्या. "तुमच्या कुसळावर विश्वास ठेवा."

डावी बाजू झाल्यावर त्यांनी मला उठवून बसवलं आणि आरसा दिला. उजवीकडे ५२ वर्षांची बाई, डावीकडे तिची धाकटी बहीण. पाऊण तासात दोन्ही बाजू आटोपल्या.

आणि मग बिल. मला ७२ हजार सांगितले होते. बिलावर ८४,९६०. वरचे १२,९६० जीएसटीचे, १८ टक्के. औषधोपचाराला जीएसटी नसतो, पण सौंदर्यासाठी केलेल्या कामाला लागतो, आणि मेडिक्लेमही मिळत नाही. कायदा असेल, मान्य. पण हा आकडा पहिल्याच दिवशी सांगायचा असतो. मी जाळीच्या ब्लाउजचं अस्तर वेगळं धरते, तेव्हा कापड घेतानाच सांगते.

पुढचे तीन आठवडे काय करायचं नाही, त्याचा कागद दिला. पालथं किंवा कुशीवर झोपायचं नाही. चेहरा चोळायचा नाही. खळखळून हसायचं नाही, मोठा आ करायचा नाही, कडक काही चावायचं नाही. वाचायला सोपं वाटलं. शिवणाऱ्या बाईला यातलं काहीच जमत नाही, हे तिसऱ्या दिवशी कळलं. आमच्या ओठांत टाचण्या असतात. दोरा आम्ही दातांनी तोडतो, कात्री शेजारी असली तरी. मी सवयीने दोरा तोडायला मान तिरकी करून जबडा लावला आणि डाव्या कानशिलात अशी कळ गेली की मशीनवरून उठलेच. दुकानातल्या पोरींनी मग माझ्या गळ्यात छोटी कात्री अडकवून टाकली.

पाणीपुरी बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. मऊ भात, खिचडी, मिसळ खाल्ली ती पाव बुडवून, फरसाण रश्श्यात पार भिजल्यावर. रात्री दोन उशांवर उताणं. मिस्टर म्हणाले, "शेषशायी दिसतेस." हसू दाबताना आणखी दुखलं.

दुपारी करून संध्याकाळी फंक्शनला जाता येतं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दुसऱ्या दिवशी माझा चेहरा सुजलेला, डोळ्यांच्या कडा वर ताणलेल्या, डाव्या गालावर वांग्याच्या रंगाचा डाग. तो आधी हिरवट झाला, मग पिवळा. घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, तोवर म्हणजे तेराव्या दिवशी पावडरखाली झाकण्याइतका राहिला.

डाग गेला तशी खरी भानगड दिसली. डाव्या गालावर, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं वर, एक खळगा. हसलं की खळी म्हणून खपून जायचा, पण गप्प बसलं तरी तो तिथेच. मला कारण लगेच कळलं, एक दोरा जास्त ओढला गेलाय, चुणी पडलीय. फोन केला तर डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, बहुतेक आपोआप बसतं, पंधरा दिवसांनी या, स्वतः चोळू नका. ते दिवस मी आरशासमोर काढले. पंधराव्या दिवशी त्यांनी अंगठ्याने त्या जागी दाब देत कातडी सावकाश बाजूला सरकवली. आतून 'टच्' असं काहीतरी सुटलं. टाका उसवल्यासारखं. खळगा बसला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

आणि ती दाताची कॅप! तिसऱ्या आठवड्यात पडलीच. दंतवैद्य म्हणाले, मोठा आ करा. मी म्हटलं, परवानगी नाही. त्यांनी दोन आठवडे पुढची तारीख दिली आणि मी तोवर उजव्या बाजूने भात गिळत राहिले. यात कुणाची चूक नाही, माझीच.

आता मिळालं काय ते. महिनाभरानंतर, दिवाळीच्या सुमाराला, चेहरा खरोखर चांगला दिसत होता. जबड्याच्या पिशव्या गेल्या नव्हत्या, पण उचलल्या गेल्या होत्या. कडा दिसायला लागली होती, जणू काठाला कुणी इस्त्री फिरवली. कोणी ओळखलं नाही. "गावाला जाऊन आलात का?" असं दोघी-तिघींनी विचारलं. पुण्याहून लेक आली, ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, भुवया कोरल्यास का?" मला हेच हवं होतं. तब्येत बरी नाही का, हे विचारायचं लोकांनी थांबवलं.

मी मोजदादही ठेवली. आधी टेपने कानाच्या पाळीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत माप घेतलं, पण चेहरा काही बाही नव्हे, दर वेळी वेगळं माप यायचं. मग दर महिन्याच्या १ तारखेला ट्रायल रूमच्या आरशासमोर, त्याच ट्यूबलाइटखाली, केस मोकळे, न हसता एक फोटो. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी छान. मार्चपासून डावी बाजू उतरायला लागली. मे महिन्यात दोन्ही. या १ सप्टेंबरचा फोटो मी गेल्या वर्षीच्या शेजारी लावून पाहिला. कातडी हाताला जरा घट्ट लागते असं मला वाटतं. लेक म्हणते, मनाचे खेळ. पिशव्या परत आल्यात, बहुधा होत्या तेवढ्याच.

हिशेब केला. ८४,९६० भागिले चांगले दिसण्याचे सात महिने. महिन्याला बारा हजारांच्या वर. कॉलेज रोडला एवढ्यात गाळा नाही मिळणार, पण मागच्या गल्लीत मिळेल.

ब्लाउज पक्का शिवायच्या आधी आम्ही कच्चे टाके घालून गिऱ्हाइकाला एकदा चढवायला देतो. कसं दिसेल ते कळतं. तेवढ्यासाठी ते टाके उत्तम, पण ते घालून कोणी लग्नाला वर्षभर हिंडत नाही. थ्रेड लिफ्ट ही तशी गोष्ट आहे. पंचेचाळिशीच्या आसपास, कडा नुकती सुटायला लागलीय, वजन स्थिर आहे, अशा बाईला ते बरे धरतात असं डॉक्टरांचंही म्हणणं. माझ्यासारखी, १७ किलो उतरवून कापड मोकळं झालेली, हिला ते ओझं पेलत नाही. त्या वयस्कर सर्जनने हेच दोन बोटांत धरून सांगितलं होतं.

गुण द्यायचे तर डॉक्टरांना पाचपैकी चार. एक गुण इंग्रजी कागदाचा आणि जीएसटीचा मिळून गेला. धाग्याला अडीच. माझ्या अकलेला तीन, कारण कॅपबद्दल खोटं बोलले. पहिल्या क्लिनिकमधून अजून मेसेज येतात, आता ४० टक्के कमी.

परत करणार का? स्वतःहून नाही. क्लिनिकने महिन्यापूर्वी विचारलं होतं, मी विचार करून सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही.

काल एक जुनं गिऱ्हाईक आलं, मुलीचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. वय ४६, अंगाने सडपातळ. माप घेताना आरशात स्वतःचा जबडा वर ओढून बघत होती. तिला कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं असावं.

"ताई, ते धाग्याचं करू का हो मी?"

मी टेप गळ्यात टाकला आणि तिच्या कानापुढची कातडी दोन बोटांत धरून पाहिली. फार नव्हती.

"करायचं तर ऑक्टोबर लागला की लगेच कर, त्याच्या पुढे ढकलू नकोस. लग्नापर्यंत डाग, सूज, चुण्या सगळं बसेल. आणि आधी दातवाल्याकडे जाऊन ये."

"पण मग दिवाळी मधेच येते. चकल्या?"

"चहात बुडवून."